मटण बरणीत भरून वर्षभर टिकवणं: तीन तास उकळायचं की प्रेशर कॅनर घ्यायचा?

मिशिगनकर
१५ नोव्हेंबरला इथे बंदुकीने हरणं मारायचा मोसम सुरू होतो आणि गल्लीतले सगळे फ्रीजर आठवडाभरात ओसंडायला लागतात. मग काचेच्या बरण्यांत मांस भरून ठेवायचा विषय निघतो. त्यात दोन तट आहेत.

जुना तट: मांसाचे तुकडे बरणीत, वर झाकण, बरणी बुडेल एवढ्या पाण्यात तीन तास खळाखळा उकळायची. नवा तट: अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे प्रेशर कॅनरमध्ये (बरण्या ठेवायचा मोठा प्रेशर कुकर) १० पौंड (प्रति चौरस इंच) दाबाला पाइंटची बरणी (सुमारे अर्ध्या लिटरची, ४७३ मिली) ७५ मिनिटं, क्वार्टची (९४६ मिली) ९० मिनिटं.

प्रश्न असे:
१. तीन तास म्हणजे १८० मिनिटं. ती ९० पेक्षा कमी कशी पडतात?
२. जुनी पद्धत एवढी वाईट असती तर गावंच्या गावं आडवी व्हायला हवी होती. ती का झाली नाहीत?
३. आपला शिट्टीचा कुकर चालेल का?
४. तांबडा रस्सा करूनच बरणीत भरला तर?

खवय्या_७
चौथा प्रश्न हाच खरा प्रश्न, पहिले तीन नुसतीच प्रस्तावना. बसलोय.

बीजाणू
पहिल्यापासून घेऊ. भांडण क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमच्या बीजाणूंशी आहे, जिवंत जिवाणूशी नाही. जिवाणू उकळीत मरतो. बीजाणू म्हणजे चिलखत घालून झोपलेला जिवाणू, त्याला १०० अंश सेल्सिअस फारसं लागत नाही. बरणीत हवा नाही, मांसाचा सामू (पीएच) ४.६ च्या वर म्हणजे आंबटपणा कमी, पाणी भरपूर, तापमान खोलीचं. त्याला उठून बसायला याहून चांगली जागा नाही. उठला की विष तयार करतो.

आता हिशोब. १२१.१ अंशाला या बीजाणूंची संख्या एक दशांशावर यायला साधारण ०.२१ मिनिट लागतं. तापमान १० अंशांनी उतरलं की त्याच कामाला दहापट वेळ. म्हणजे १०० अंशाला एका दशांशाला सुमारे २७ मिनिटं. १९२२ मध्ये एस्टी आणि मायर यांनी केलेल्या मोजणीवरून डबाबंद अन्नाच्या उद्योगाने जो दंडक घेतला तो असे बारा दशांश उतरवण्याचा. १२१.१ अंशाला ते अडीच मिनिटांत होतं, ११५.६ अंशाला (१० पौंड दाब, समुद्रसपाटी) सुमारे ९ मिनिटांत आणि १०० अंशाला जवळजवळ साडेपाच तासांत. हे सगळं बरणीच्या मधोमधचा तुकडा त्या तापमानाला पोचल्यानंतरचं. मांस घट्ट भरलेलं असतं, उष्णता आत सरकायलाच वेळ खाते. म्हणून कॅनरमध्ये ९ ची ७५-९० मिनिटं होतात आणि उघड्या उकळीसाठी कमी आम्लाच्या पदार्थांना ७ ते ११ तास लागतील असं कृषी खातं सांगतं.

मिशिगनकर
म्हणजे १८० मिनिटं ही मिनिटं म्हणून जास्त, पण काम म्हणून कमी.

बीजाणू
तसंच. मधला भाग तापायला एक तास धरला तर उरलेल्या १२० मिनिटांत चार-साडेचार दशांश उतरतात. वीस-पंचवीस हजार बीजाणूंतला एखादा मागे राहतो. आणि मांसात बीजाणू बहुधा मोजकेच असतात किंवा नसतातच. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे: बहुतेक बरण्या निभावतात. सगळ्या नाही.

डेन्व्हरची_सुगरण
हे गणित समुद्राकाठचं आहे. डेन्व्हर १६०० मीटरवर, पाणी ९५ अंशालाच उकळतं. वरच्या हिशोबाने बारा दशांशांना सतरा तास. इथे कोणी "तीन तास" म्हणालं की मी विषय बदलते.

कॅनरलाही उंची सोडत नाही. वजनाचा कॅनर (वाफेच्या नळीवर वजन ठेवायचा) असेल तर १००० फुटांपर्यंत १० पौंड, त्यावर सरळ १५. काट्याचा (घड्याळासारखा दाबमापक असलेला) असेल तर २००० फुटांपर्यंत ११ पौंड, ४००० पर्यंत १२, ६००० पर्यंत १३, ८००० पर्यंत १४. वेळ तीच, दाब वाढवायचा. पुण्यातल्यांसाठी: तुम्ही साधारण ५६० मीटरवर, म्हणजे १८०० फुटांच्या पुढे. वजनाच्या कॅनरला १५ चंच वजन.

जुनंतेसोनं
नेहमीचंच. पुस्तकातले आकडे फेकले की शंभर वर्षांचा अनुभव खोटा. मांसाला प्रेशर कॅनरच हवा असं १९१७ मध्ये सांगेपर्यंत तुमचं कृषी खातं काय करत होतं? निकोला अॅपेरने नेपोलियनच्या काळात मांस बाटल्यांत भरून उकळत्या पाण्यातच ठेवलं होतं ना? १२ हजार फ्रँक बक्षीस मिळालं त्याला १८१० मध्ये.

बीजाणू
मिळालं, आणि योग्यच मिळालं. पण पदार्थ का टिकतो हे अॅपेरला माहीत नव्हतं, पाश्चर पुढच्या पिढीतला. बोटुलिनम सापडला त्याच्याही नंतर, १८९५ साली बेल्जियममधल्या एका गावात खारवलेल्या हॅममधून विषबाधा झाली तेव्हा व्हान एरमेंगेम यांना. ज्या शत्रूचं नाव माहीत नाही त्याच्याविरुद्ध कमी पडलेला उपाय म्हणजे अॅपेरचा दोष नव्हे. माहीत असूनही तोच उपाय चालू ठेवला तर मात्र आपला.

टीपकागद
अवांतर: 'बोटुलस' म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज. नावातच मांस आहे.

ओहायोच्या_काकू
जुनंतेसोनं, तुमचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही, पण त्याचं उत्तर उकळीत नाही, कढईत आहे. जुन्या घरांत बरणीतलं मांस काढलं की ते आधी पातेल्यात घालून चांगलं रटरटवायचं, मगच चाखायचं, असा दंडक असायचा. बीजाणू चिवट असले तरी त्यांचं विष उकळीला टिकत नाही. दहा मिनिटं उकळलं की ते निकामी होतं (१००० फुटांवर दर हजार फुटांना एक मिनिट जास्त). म्हणजे परंपरेत दोन टप्पे होते आणि माणसं दुसऱ्या टप्प्याने वाचत होती. आता लोक पहिला टप्पा आजीचा घेतात आणि दुसरा गाळतात. बरणी उघडली, तुकडा थेट सँडविचमध्ये.

आणि दुसऱ्या टप्प्यावरच भिस्त ठेवू नका. मीठ बघायला चमचा जिभेला लागतो तो उकळी यायच्या आधी.

ओहायोतलंच उदाहरण, २०१५, लँकास्टर. चर्चच्या सहभोजनात बटाट्याचं सॅलड होतं. घरी बरणीत भरलेले बटाटे साध्या उकळत्या पाण्यात काढले होते. २९ जण आजारी पडले, एक मृत्यू. बटाटा मांस नव्हे, पण बीजाणूच्या लेखी दोन्ही सारखेच: आम्ल नाही, हवा नाही. आणि सॅलडच ते, परत उकळणार कोण?

राइनकाठी
जर्मनीत तिसरी वाट आहे, कोणी बोललं नाही म्हणून. काचेचं झाकण, रबराचं कडं आणि क्लिपांच्या बरण्या. मांस १०० अंशाला दोन तास उकळायचं, खोलीच्या तापमानाला एक-दोन दिवस ठेवायचं आणि पुन्हा उकळायचं. कल्पना टिंडल या शास्त्रज्ञाची: पहिल्या उकळीतून वाचलेले बीजाणू मधल्या काळात जागे होतात आणि जागा झालेला जिवाणू दुसऱ्या उकळीत मरतो.

बीजाणू
कल्पना सुंदर आहे. अडचण एवढीच की सगळे बीजाणू एकाच गजराला उठत नाहीत, काही आठवडाभर झोपतात. एकदाच उकळण्यापेक्षा हे नक्की बरं, पण अमेरिकेचे तक्ते ते धरत नाहीत. आणि मधल्या दिवसात बरणी फ्रीजमध्ये ठेवलीत तर सगळंच फुकट, गार बीजाणू जागाच होत नाही. तिथेच बरेच जण चुकतात, 'सुरक्षित' म्हणून.

शिट्टीमास्तर
तिसरा प्रश्न राहिला. आपला कुकर १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबावर चालतो, म्हणजे १४-१५ पौंड. तक्ता १० मागतो. मग आपला कुकर सरसच की. पाच लिटरमध्ये दोन बरण्या बसतात. अडचण काय?

वाफारा
दाब पुरेसा आहे, बाकी गणित जुळत नाही.

एक, वस्तुमान. तक्त्यातली ७५ मिनिटं मोठ्या कॅनरवर तपासलेली आहेत. किमान चार क्वार्ट बरण्या उभ्या राहतील तोच कॅनर. असलं धूड तापायलाही वेळ घेतं आणि गॅस बंद केल्यावर दाब शून्यावर यायलाही. त्या चढउतारातही बीजाणू मरत असतात आणि ते तक्त्यात धरलेलं आहे. छोटा कुकर चटकन तापतो, चटकन निवतो, तेवढं मारणं कमी पडतं.

दोन, शिट्टी. शिट्टी झाली की दाब एकदम पडतो, पुन्हा चढतो. बरणीच्या आतला दाब मात्र तेवढ्या झटक्यात उतरत नाही, म्हणून आतला रस झाकणाखालून बाहेर ढकलला जातो. बाहेर काढल्यावर बरणी अर्धी रिकामी आणि कुकरचं पाणी तेलकट. रसाबरोबर चरबी कडेवर येते आणि झाकण धरत नाही.

तीन, हवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. झाकण लावल्यावर भांड्यात हवा असते. ती न काढता वजन ठेवलंत तर काटा १० दाखवतो, पण तो हवा आणि वाफ दोघांचा मिळून दाब. आतल्या मिश्रणात पाचवा हिस्सा हवा असली तर तापमान ११५.६ ऐवजी १०८ च्या आसपास राहतं. वरच्या हिशोबात बसवा: तेवढ्याच मिनिटांत काम पाचपटीने कमी. काटा बघून कळत नाही, शिट्टी ऐकून कळत नाही. म्हणून कॅनरमध्ये वजन न ठेवता वाफ सोडायची. सुरुवातीला तुटक फुसफुस येते, ती मोजायची नाही. नळीतून सलग, सरळ, जोरकस झोत निघायला लागला की तिथून घड्याळ लावून १० मिनिटं. मग वजन.

शिट्टीमास्तर
हवेचं डोक्यात नव्हतं. बिनशर्त माघार. आणि ते बटणवाले इलेक्ट्रिक कुकर?

वाफारा
मटण शिजवायला उत्तम. बरण्यांसाठी नको. कारणं तीच, शिवाय आत खरोखर किती तापमान किती वेळ राहिलं हे बाहेरून तपासायची सोय नाही.

तांबडारस्सा
आता माझ्या नावाच्या, चौथ्या प्रश्नाकडे वळूया का? रस्सा. बरणीत.

ओहायोच्या_काकू
वळूया, पण उत्तर आवडणार नाही. वाटण घातलेला रस्सा भरायचा नाही. खोबरं, तीळ, खसखस, भाजलेला कांदा हे सगळं रस्सा दाट करतं. पातळ रसात उष्णता फिरते, गरम रस वर, गार खाली. दाट रस्शात ती फिरत नाही, कणाकणाने सरकते. मधला भाग किती वेळात तापेल हे कोणी मोजलेलं नाही, म्हणून तक्त्यातली ९० मिनिटं त्याला लागू नाहीत. पीठ, तांदूळ, कॉर्नस्टार्च घालू नका असं तक्ते सांगतात त्याचं कारण हेच.

उपाय कोल्हापूरनेच करून ठेवलाय: अळणी. तुकडे कढईत वरून रंग बदलेपर्यंत परता, आत कच्चे चालतील. गरम बरणीत सैल भरा, ठासू नका. वरून उकळतं अळणी पाणी, मात्र गाळलेलं आणि वरची चरबी काढलेलं. चवीला मीठ, लागलं तर थोडा कोरडा मसाला. लवंग मात्र बेतानं, बरणीत महिनोनमहिने मुरून कडू होते. बरणी उघडली की वाटण ताजं घालायचं आणि रस्सा दणकून उकळायचा. चवही ताज्या वाटणाचीच लागते.

तांबडारस्सा
नाराज व्हायला आलो होतो, व्हायला जमलं नाही. तूप किंवा तेलाचा जाड थर वर ओतला तर? लोणच्यासारखा?

बीजाणू
तेल काही मारत नाही, फक्त हवा अडवतं. बुरशीला ते अडचणीचं, बोटुलिनमला सोयीचं. कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नये तो याच कारणाने. आंब्याचं लोणचं तेलामुळे टिकत नाही, आंबटपणा आणि मीठ टिकवतात.

म्हापसेकर
मग गोव्याचा चोरीस (मसालेदार सॉसेज) कसा टिकतो? मांसच आहे, आणि उकळीही नाही नि कॅनरही नाही.

बीजाणू
त्याचं गणितच वेगळं. मीठ, माडाच्या सुरीचा व्हिनेगर, ऊन, धूर. पाणी आणि सामू दोन्ही खाली खेचायचे. मांसातल्या पाण्यात मिठाचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास गेलं, किंवा सामू ४.६ खाली उतरला, की बीजाणू असला तरी उठत नाही. सुकट-बोंबलांचंही तेच. तिथे बीजाणू मारत नाहीत, उपाशी ठेवतात. घोटाळा होतो तो दोन्ही अर्धवट केल्यावर: मटण जरा परतायचं, जरा व्हिनेगर, वर तेल, आणि हवाबंद बाटली. व्हिनेगर तुकड्याच्या मध्यापर्यंत पोचलं का हे चवीवरून कळत नाही. असं मटणाचं लोणचं थोडं करा, फ्रीजमध्ये ठेवा, लवकर संपवा.

खवय्या_७
लवकर संपवण्याबाबत या धाग्यावर कोणाला मार्गदर्शन लागेल असं वाटत नाही.

जुनंतेसोनं
ठीक आहे. पण झाकण 'टिक' करून आत बसलं, दाबलं तरी हलत नाही, वास चांगला. मग बरणी खराब कशी म्हणायची?

वाफारा
झाकण बसणं म्हणजे आत निर्वात पोकळी झाली, एवढंच. ती नुसत्या गरम पाण्यानेही होते. आतला मधला तुकडा किती तापला याची झाकणाला खबर नसते. उलट चांगलं बसलेलं झाकण म्हणजे आत हवा नाही याची खात्री. फुगलेलं झाकण, उघडताच उसळणारा रस, घाण वास दिसलं तर बरणी गेलीच, पण हे काही न दिसता विष असू शकतं. चाखून तर मुळीच बघायचं नाही.

संशयित बरणी बंद असेल तर न उघडता पिशवीत बांधून कचऱ्यात. झाकण उघडलेलं किंवा गळत असेल तर बरणीसकट पातेल्यात आडवी, वर इंचभर पाणी, ३० मिनिटं उकळून मग फेकायची. ओटा आणि भांडी एक भाग ब्लीच, पाच भाग पाण्याने. ज्याने खाल्लं त्याला दुहेरी दिसणं, पापण्या ओघळणं, जीभ जड होणं, गिळताना अडकणं यातलं काही झालं तर थेट इस्पितळ. लक्षणं बहुधा १२ ते ३६ तासांत येतात, कधी काही दिवसांनी. प्रतिविष जितकं लवकर तितकं उपयोगी.

डेन्व्हरची_सुगरण
हरणाबद्दल दोन गोष्टी, मूळ धागा हरणाचा होता म्हणून. उग्र वास असेल तर क्वार्टभर पाण्यात एक टेबलस्पून मीठ या प्रमाणात तासभर भिजवा, मग धुवून घ्या. आणि चरबी जेवढी निघेल तेवढी काढा. चरबी उकळून कडेवर चढते. भरून झाल्यावर बरणीची कड व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कागदाने पुसा, नुसत्या ओल्या फडक्याने चरबी पसरते. वर एक इंच जागा मोकळी.

कच्चंही भरता येतं, त्यात पाणी घालायचं नाही, मांस स्वतःचा रस सोडतं. तो वरपर्यंत येत नाही, वरचा तुकडा कोरडा आणि काळपट होतो. दिसायला वाईट, खायला ठीक. खिमा मात्र कच्चा भरू नका, गोळा बसतो. परतून, चरबी निथळून, गरमच भरायचा.

तांबडारस्सा
आणि बोकड? तक्त्यात अस्वलसुद्धा आहे, बोकड नाही!

ओहायोच्या_काकू
खरंच नाही. बीफ, पोर्क, कोकरू, वासरू, हरीण, अस्वल आहेत. त्यामुळे बोकडासाठी फ्रीजर, बरणीसाठी कोकरू. कोंबडी आहे: हाडासकट पाइंट ६५, क्वार्ट ७५ मिनिटं, हाडाशिवाय ७५ आणि ९०. हाडांमुळे आत पोकळी राहते, रस फिरतो, म्हणून वेळ कमी. वर जागा सव्वा इंच.

पुण्याहून
भारतात हे सगळं करायची गरज आहे का, हा माझा साधा प्रश्न.

वाफारा
बहुतेकांना नाही. ताजं मटण कोपऱ्यावर मिळतं. वीज जाते तिथे फ्रीजर भरवशाचा नाही हे खरं, पण जॅमच्या बाटल्या आणि शिट्टीचा कुकर हा त्यावरचा तोडगा नव्हे. बाजारात पाकिटातले तयार पदार्थ मिळतात ते रिटॉर्टमध्ये (कारखान्यातलं दाबाचं मोठं भांडं), बाहेरून प्रतिदाब देऊन तापवलेले असतात, नाहीतर पाकीट फुटेल. आपल्याकडे सैन्यासाठी हे तंत्र म्हैसूरच्या डीएफआरएलने (संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा) बसवलं. घरी त्याची नक्कल नको.

मिशिगनकर
चारही प्रश्न मिटले. प्रेशर कॅनर घेतोय, काट्याचा. आता नेमकं: ९० मिनिटांत मध्येच दाब ११ च्या खाली गेला तर उरलेली मिनिटं पूर्ण करायची ना?

वाफारा
नाही. दाब पुन्हा ११ वर आणायचा आणि घड्याळ शून्यापासून. ऐंशीव्या मिनिटाला पडला तरी. म्हणून आच थोडी वरच ठेवा, काटा ११ आणि १२ च्या मध्ये. सारखी कमी-जास्त करू नका, त्यानेच रस बाहेर जातो. झाल्यावर गॅस बंद, कॅनर हलवायचा नाही, थंड पाण्याखाली तर अजिबात नाही. काटा शून्यावर आपसूक येऊ द्या, वजन काढा, आणखी १० मिनिटं थांबा, मग झाकण स्वतःपासून दूर उघडा. बरण्या फडक्यावर, एकमेकींना न चिकटवता, १२ ते २४ तास. झाकण धरून ठेवणारं आट्यांचं कडं त्या काळात आवळायचं नाही. नंतर कडं काढून ठेवा, झाकण सुटं झालं तर लगेच दिसतं. न बसलेली बरणी २४ तासांत नवं झाकण लावून पुन्हा पूर्ण वेळ काढा, किंवा फ्रीजमध्ये टाकून खा.

जुनंतेसोनं
आमच्याकडे माळ्यावर एक काट्याचा कॅनर पडून आहे. चालेल ना?

डेन्व्हरची_सुगरण
रबर वाळलंय का बघा, वाफेच्या नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा, आणि काटा तपासून घ्या. तो दर वर्षी मोसमाआधी तपासायचा असतो. इथे काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयांत बऱ्याच ठिकाणी सोय असते. काटा खरा दाब असेल त्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर तुम्ही कमी दाबाला मांस काढताय. दोन पौंडांहून जास्त चुकत असेल तर सरळ नवा बसवा.

जुनंतेसोनं
नेऊन तपासतो. चुकत निघाला तर इथे सांगणार नाही.